दहावी-बारावीनंतरचा निर्णय : शिक्षण, कमाई आणि परतीची वाट

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला दरवर्षी सुमारे पंधरा लाख विद्यार्थी बसतात, आणि निकाल लागल्यापासून अकरावी, तंत्रनिकेतन व आयटीआय यांचे प्रवेश आटोपेपर्यंतच्या काही आठवड्यांत त्यांतील प्रत्येकाच्या घरी पुढच्या आयुष्याची दिशा ठरते. बारावीनंतर हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. घरात तो बहुधा एकाच वाक्यात विचारला जातो : पुढे शिकायचे, की कामाला लागायचे? शिकत असताना कमाई होत नाही आणि कामाला लागल्यावर शिक्षण सुटते, ही दोन गृहीतके या प्रश्नात दडलेली असतात, आणि राज्यात आज प्रत्यक्ष उपलब्ध असलेल्या सोयी पाहिल्या तर ती दोन्ही अर्धीच खरी ठरतात. शिकता शिकता विद्यावेतन देणाऱ्या वाटा आहेत, आणि कामावर असताना पदवीपर्यंत नेणाऱ्याही आहेत. तसेच काहीच न शिकवणारी महाविद्यालयीन वर्षे आहेत आणि काहीच न शिकवणाऱ्या नोकऱ्याही आहेत. म्हणून समोर आलेला पर्याय शिक्षणाचा आहे की नोकरीचा, याची चौकशी पुरेशी नाही. त्या पर्यायात रोजच्या रोज नवे काय शिकायला मिळणार आहे, आणि दोन वर्षांनी तो चुकला असे वाटले तर तेथून कोणत्या अटींवर परत फिरता येईल, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडून अचूक निर्णयाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि त्यामुळेच यांतील दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच वजनदार ठरतो.

या वयाची कायदेशीर बाजू प्रथम लक्षात घ्यावी लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी सहा ते चौदा वर्षे या वयोगटाला, म्हणजे ढोबळमानाने आठवीपर्यंत दिली आहे. दुसरीकडे बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि चौदा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना, ज्यांना हा कायदा किशोरवयीन म्हणतो, खाणी, स्फोटके व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कामांवर ठेवण्यास बंदी आली. परिणामी दहावी झालेला मुलगा अशा जागी उभा असतो, जेथे शिक्षणाचा हक्क संपलेला आहे आणि नियमित रोजगाराचा पुरता सुरू झालेला नाही. नाव नोंदवून, हजेरी लावून, भविष्यनिर्वाह निधी कापून पगार देणारा मालक अठरा वर्षांखालच्या मुलाला सहसा घेत नाही. मोटारसायकल चालवण्याचा परवानाही अठराशिवाय मिळत नसल्याने घरपोच वस्तू पोहोचवण्याचे कामही या वयात रीतसर करता येत नाही. मग सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्या मुलाच्या वाट्याला जे काम येते ते बहुधा नोंद नसलेले असते : हॉटेलातील, गॅरेजमधील, बांधकामावरील, नाहीतर दुसऱ्याच्या नावावर केलेले. दहावी ते अठरा या दोन वर्षांत कमाईचा मोह कितीही रास्त असला, तरी ती वर्षे अकरावी-बारावीत किंवा आयटीआयमध्ये घालवण्याच्या बाजूने हा फार मोठा मुद्दा आहे, कारण या काळात सोडून दिलेली कमाई तुटपुंजी आणि बेभरवशाची असते.

बारावीनंतरचा हिशेब मात्र निराळा होतो, आणि तो मांडण्यासाठी अर्थशास्त्रातील संधी खर्च ही कल्पना उपयोगी पडते. एखादी गोष्ट निवडल्यामुळे जी दुसरी गोष्ट सोडून द्यावी लागते तिचे मोल म्हणजे संधी खर्च. शिक्षणाच्या बाबतीत तो म्हणजे शिकत असल्यामुळे हातची गेलेली मजुरी. समजा, अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या औद्योगिक वसाहतीत महिन्याला १२,००० रुपयांचे काम मिळू शकते आणि त्याऐवजी तो तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश घेतो, जेथे शुल्क, प्रवास आणि पुस्तके मिळून वर्षाला २०,००० रुपये लागतात. घरच्यांना दिसणारा खर्च ६०,००० रुपयांचा असतो, परंतु छत्तीस महिन्यांची न मिळालेली मजुरी ४,३२,००० रुपये होते, म्हणजे पदवीची खरी किंमत ४,९२,००० रुपये पडते. पदवीनंतर या मुलाला १५,००० रुपयांचीच नोकरी लागली, तर दरमहा तीन हजारांच्या वाढीतून ही रक्कम भरून यायला साडेतेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. २२,००० रुपयांची लागली, तर सुमारे चार वर्षे पुरतील. या हिशेबात दरम्यानच्या वर्षांतील पगारवाढ, महागाई आणि कामाचा अनुभव धरलेला नाही, तरीही त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. पदवी परवडते की नाही हे तिच्या शुल्कावर फारसे अवलंबून नसते, तिच्यानंतर कोणते काम मिळते यावर असते; आणि नेमकी तीच चौकशी प्रवेशाच्या वेळी सर्वांत कमी केली जाते.

शिक्षणामुळे मिळकत का वाढते, याची दोन स्पष्टीकरणे अर्थशास्त्रज्ञांनी दिली आहेत, आणि दोन्ही या निर्णयाला थेट लागू पडतात. थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी मांडलेल्या मानवी भांडवलाच्या सिद्धान्तानुसार शिक्षण ही माणसातील गुंतवणूक आहे. तिच्यामुळे त्याच्या हातून अधिक मोलाचे काम होते आणि म्हणून त्याला अधिक वेतन मिळते. बेकर यांचा या विषयावरील ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी वेगळी बाजू दाखवली. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत आधी कळत नाही, म्हणून तो प्रमाणपत्राकडे एक खूण म्हणून पाहतो; अभ्यासक्रमातून कौशल्य फारसे वाढले नसले, तरी तो पुरा करण्याची चिकाटी या माणसात आहे, एवढे त्या कागदावरून कळते. या दुसऱ्या सिद्धान्ताचा एक परिणाम कठोर आहे. जी खूण सर्वांजवळ असते तिच्यावरून निवड करता येत नाही. पदवीधर थोडे होते तोवर साधी पदवीही उमेदवाराला वेगळे काढीत असे. आज ती इतक्या जणांजवळ आहे की तिच्यासोबत दाखवण्यासारखे काही नसेल, तर मालक आणखी वरची खूण मागतो आणि विद्यार्थी पदव्युत्तर वर्गाकडे वळतो. अशा वेळी पहिल्या सिद्धान्ताचा आधार घेणे शहाणपणाचे असते, म्हणजे अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा त्यातून हाताला आणि डोक्याला काय येणार आहे हे पाहणे.

केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून वर्षानुवर्षे दिसणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती वरवर पाहता शिक्षणाच्या विरोधात जाते : बेरोजगारीचे प्रमाण कमी शिकलेल्यांपेक्षा पदवीधरांमध्ये अधिक आढळते. यावरून शिक्षणाने नोकरी जाते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. या सर्वेक्षणात काम शोधत असलेला पण काम नसलेला माणूस बेरोजगार धरला जातो, आणि ज्याच्या घरी चूल पेटण्यासाठी आजच्या मजुरीची गरज आहे त्याला बेरोजगार राहणे परवडत नाही. मिळेल ते काम तो घेतो आणि बेरोजगारांच्या आकड्यातून बाहेर पडतो. पदवीधर थांबतो, कारण त्याच्या अपेक्षेचे काम निघण्याची आशा असते आणि घरचे आणखी काही काळ सांभाळून घेतात. थांबण्याची ही वर्षे हिशेबात धरली, की तीन वर्षांची पदवी प्रत्यक्षात पाच-सहा वर्षांची होते.

लांबणाऱ्या पदवीऐवजी थेट हाताला काम शिकवणारी वाट आयटीआयची. आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली १९५० पासून देशात त्या सुरू झाल्या, आणि महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय संस्था असून खाजगी संस्था त्याहून निराळ्या आहेत. येथील प्रत्येक अभ्यासक्रमाला ट्रेड म्हणतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, तर वेल्डरचा एक वर्षाचा. दहावीत गुण कमी पडलेल्यांची जागा, असा या संस्थांविषयीचा समज शहरांत आणि गावांत सारखाच रुजलेला आहे, आणि तो तेथील कार्यशाळेत एकदा डोकावले तरी टिकत नाही. फिटरच्या विद्यार्थ्याला सुरुवातीच्या दिवसांत व्हाइसमध्ये आवळलेल्या लोखंडी तुकड्यावर कानस चालवायला लावतात. काम सोपे वाटते, पण नवख्याचा हात पुढे जाताना खाली झुकतो आणि मागे येताना उचलला जातो, त्यामुळे पृष्ठभागाच्या कडा झिजतात आणि मध्ये फुगवटा राहतो. मग गुण्या टेकवून तो तुकडा उजेडाकडे धरायचा, फटीतून प्रकाश कोठे दिसतो ते पाहायचे आणि पुन्हा घासायचे; दोन्ही हातांचा दाब समान ठेवणे अंगवळणी पडेपर्यंत हे चालते. मापे ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येणाऱ्या व्हर्निअर कॅलिपरने घेतली जातात. शिक्षक ज्याला जॉब म्हणतात तो हा तुकडा एकतर मापात बसतो किंवा बसत नाही. उत्तरपत्रिकेत अर्धे गुण मिळवून पार पडण्याची सोय तेथे नसते. ही शिस्त ज्या मुलाच्या स्वभावाला मानवते त्याला वर्गात कमी गुण पडले होते, एवढ्यावरून त्याची पात्रता ठरवणे म्हणजे त्याच्यावर आणि त्या विद्येवरही अन्याय करणे आहे. सर्वच संस्थांत यंत्रे नवी नसतात आणि शिक्षकांची पदेही रिकामी राहतात, हेही तितकेच खरे. म्हणून प्रवेशापूर्वी त्या ट्रेडची कार्यशाळा प्रत्यक्ष पाहून यावी आणि मागच्या तुकडीतील मुले कोठे लागली हे विचारून घ्यावे.

आयटीआयला गेले की उच्च शिक्षण संपले, हा दुसरा गैरसमज अधिक नुकसान करतो. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआयची दोन, पदविकेची दोन आणि पदवीची तीन, अशा सात वर्षांत तो अभियंता होतो. अकरावी-बारावी विज्ञान आणि चार वर्षांची पदवी या नेहमीच्या मार्गाला सहा वर्षे लागतात, आणि दहावीनंतर सरळ पदविकेला गेलेल्यालाही तीन अधिक तीन अशी सहाच. एका जादा वर्षाच्या मोबदल्यात आयटीआयच्या मार्गावर दोन ठिकाणी थांबून कमावता येते, आणि पुढचा टप्पा गाठला नाही तरी आधीचा टप्पा फुकट जात नाही. विज्ञान शाखेचे तसे नाही. बारावीनंतर प्रवेश परीक्षेत यश आले नाही, तर त्या दोन वर्षांची बाजारात वेगळी किंमत होत नाही. मात्र आयटीआयमधून पदविकेला आलेल्या मुलांची गाठ गणिताशी पडते. दुसऱ्या वर्षाचे विषय पहिल्या वर्षाचे गणित येते असे धरून शिकवले जातात, आणि ते या मुलांनी केलेले नसते. तो पूल आधी बांधून घेणाऱ्यांनीच ही वाट धरावी. सुट्टीतील दोन महिने त्यासाठी कामी येतात.

आयटीआयनंतरची, आणि काही ट्रेडमध्ये थेट शाळेनंतरचीही, जी व्यवस्था शिकणे आणि कमावणे एकत्र आणते ती शिकाऊ उमेदवारीची. तिचा कायदा १९६१ चा आहे. या कायद्याखाली कारखाना आणि उमेदवार यांच्यात नोंदणीकृत करार होतो, ठरलेल्या मुदतीत ठरलेला अभ्यासक्रम कामाच्या जागीच शिकवायचा असतो आणि उमेदवाराला दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. विद्यावेतनाच्या किमान रकमा २०१९ च्या दुरुस्तीने शैक्षणिक पात्रतेनुसार ५,००० ते ९,००० रुपये अशा ठरवल्या गेल्या. त्यांत आयटीआय उत्तीर्णासाठी ७,००० रुपये होते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत किमान विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. ठरलेल्या ट्रेडमध्ये मुदत संपल्यावर अखिल भारतीय परीक्षा होते आणि ती उत्तीर्ण होणाऱ्याला राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते, जे रेल्वे आणि अनेक सार्वजनिक उपक्रमांच्या भरतीत उपयोगी पडते.

या कायद्याची नीट समज असणे उमेदवाराच्या हिताचे आहे, कारण त्यातील तरतुदी दोन्ही बाजूंनी कापणाऱ्या आहेत. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, असे कायदा स्पष्ट म्हणतो. त्यामुळे कामगार कायद्यांचे बहुतेक संरक्षण त्याला मिळत नाही आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घेण्याचे बंधन मालकावर नसते. उलट, कारखान्यातील आरोग्य, सुरक्षितता व कल्याणाच्या तरतुदी त्याला लागू होतात, कामावर अपघात झाल्यास भरपाईचा हक्क असतो, आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीविना त्याला जादा वेळ कामावर ठेवता येत नाही. शिकाऊ म्हणून घेतलेला मुलगा दोन पाळ्या ओढत असेल, किंवा वर्षभर एकाच यंत्रावर तोच सुटा भाग चढवत असेल, तर करारातील शिकवण्याची बाजू पाळली जात नाही असे समजावे. असे घडते, आणि पुष्कळदा घडते. तरीही वाईट चालवलेल्या शिकाऊ उमेदवारीतूनही नोंद, प्रमाणपत्र आणि मोठ्या कारखान्याची ओळख एवढे पदरात पडते, जे ठेकेदाराकडच्या कामातून पडत नाही.

ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागणे हा पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर या औद्योगिक पट्ट्यांतील मुलांसमोरचा सर्वांत सहज मिळणारा पर्याय आहे. त्याला परीक्षा लागत नाही, ओळखीचा एक मित्र पुरतो आणि पहिला पगार महिन्याभरात हातात येतो. कारखान्याचे नाव मोठे असले तरी हजेरी ठेकेदाराची असते, आणि काही महिन्यांनी माणूस बदलण्याची पद्धत असल्याने त्याला शिकवण्यात कोणाचाही फायदा नसतो. पॅकिंग, माल चढवणे-उतरवणे आणि लाइनवर उभे राहणे यांत दुसऱ्या आठवड्यानंतर शिकण्यासारखे काही उरत नाही, म्हणून पाच वर्षांनीही पगार जवळपास नव्या मुलाइतकाच राहतो. विद्यावेतनाच्या सात हजारांपुढे बारा हजारांचा हा पगार मोठा दिसतो, आणि घरात आजारपण किंवा कर्ज असेल तर तो घेण्यावाचून इलाज नसतो. त्या मुलाला दोष देणे निर्दयपणाचे होईल. पण ज्याला निवड करता येते त्याने फरकाच्या पाच हजारांकडे शिकण्याची फी म्हणून पाहावे. प्रशिक्षणाचीच आणखी एक वाट म्हणून राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी, आयटीआय वा पदविका आणि पदवी या पात्रतांनुसार ६,०००, ८,००० व १०,००० रुपये दरमहा देण्यात आले. अनुभवासाठी ती चांगलीच होती, परंतु सुरुवातीला अवघ्या सहा महिन्यांची होती, आणि मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न प्रशिक्षणार्थींनीच विचारला.

प्रमाणपत्राचे महत्त्व सर्वांत उघडपणे दिसते ते सरकारी भरतीत. टपाल खात्यातील ग्रामीण डाक सेवकांची निवड दहावीच्या गुणांवर होते. लष्करातील अग्निवीरांच्या सर्वसाधारण पदासाठी दहावी चालते आणि वय किमान साडेसतरा लागते. महाराष्ट्र पोलिस दलात शिपाई होण्यासाठी बारावी हवी. तलाठी आणि राज्यसेवेसाठी पदवी. यावरून एक व्यवहार्य नियम निघतो : कोणत्याही मार्गाने, कोणत्याही शाखेतून, कामावर असताना का होईना, बारावी पूर्ण झालेली असावी. तिच्यावाचून बंद होणारी दारे खूप आहेत. पदवीच्या बाबतीत असे सरसकट म्हणता येत नाही.

सरकारी भरतीचाच विचार निघाला असता, शिक्षण आणि नोकरी या दोन्ही रकान्यांत न बसणाऱ्या एका मोठ्या वर्गाकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. पुण्याच्या पेठांमधील अभ्यासिकांत, आणि आता जिल्ह्याजिल्ह्याच्या ठिकाणी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे हजारो तरुण वयाची पंचविशी ओलांडेपर्यंत बसलेले असतात. जागा शेकड्यांनी निघतात, अर्ज लाखांनी येतात, जाहिराती लांबतात आणि निकाल न्यायालयात अडकतात. या मुलांच्या बुद्धीत वा कष्टांत खोट नसते. खोट असते ती थांबण्याची मर्यादा आधी न ठरवण्यात. पहिल्या प्रयत्नाआधीच किती वर्षे द्यायची हे घरात बोलून ठरवलेले असेल, आणि तयारीसोबत एखादे अर्धवेळ काम किंवा दुसरी पात्रता चालू असेल, तर निवड न होताही माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही. हा काळ शिक्षणाचा समजला जातो, पण त्याचा संधी खर्च पदवीपेक्षा मोठा असतो आणि त्याच्या शेवटी अपयशी उमेदवाराला दाखवायला कागदही नसतो.

कमावता कमावता शिकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रशाळा चालवली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहातील मुलांनी श्रम करून आपल्या शिक्षणाचा भार उचलावा, ही पद्धत रुजवली. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ती उच्च शिक्षणापर्यंत पोहोचली. आज विद्यापीठांच्या कमवा व शिका योजना त्याच वाटेने चालतात, जेथे विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात वा बागेत काही तास काम करतो आणि तासाप्रमाणे मानधन घेतो. भाऊरावांच्या कल्पनेतील श्रमाला एक मोठेपण होते, कारण श्रम करणारा मुलगा त्यांच्या वसतिगृहात सर्वांसारखाच होता. आज कमवा व शिका योजनेत नाव घालायला मुले संकोचतात, गणवेश घालून बागेला पाणी घालताना वर्गमित्र पाहतील म्हणून; हा संकोच घालवणे प्राध्यापकांच्या हातात आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

परतीच्या वाटा आता मोजता येतील. शाळा सुटलेल्याला दहावी किंवा बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. त्यासाठी भरायच्या अर्जाला सगळीकडे सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात, आणि त्याची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, हे न कळल्याने पुष्कळांचे एक वर्ष जाते. आयटीआय झालेल्यांना भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवण्याची सोय आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले ते नोकरी, शेती आणि संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच. राज्यभर त्याची अभ्यासकेंद्रे आहेत आणि त्याच्या पदव्या भरतीसाठी ग्राह्य धरल्या जातात. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली आहे, आणि मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत सात वर्षांपर्यंत जमा राहतात. कागदावर ही मोठीच सुधारणा आहे. परंतु दुसऱ्या वर्षी बाहेर पडलेला विद्यार्थी पुन्हा वर्गात बसतो तो मालकाने पाळी बदलून दिली तर, आणि घरच्यांनी त्या पगारावर कर्ज काढलेले नसेल तर. कामाला लागल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मोटारसायकलचे हप्ते सुरू झाले, की परतीची वाट नियमांनी उघडी असूनही व्यवहारात बंद होते. म्हणून शिक्षण तात्पुरते सोडणाऱ्याने परतण्याचे वर्ष ठरवावे, मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला ठेकेदाराकडे वा दलालाकडे गहाण पडू देऊ नये, आणि हप्त्यांचे ओझे त्या वर्षापर्यंत टाळावे.

दहावीत एक-दोन विषय राहिलेल्यांची अवस्था सर्वांत नाजूक असते, कारण त्यांचा निर्णय लाजेपोटी होतो. उत्तीर्ण होण्यास पस्तीस गुण लागतात, पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते, आणि दोन विषयांपर्यंत नापास असलेल्याला ते विषय पुढे सोडवण्याच्या अटीवर अकरावीत बसता येते. हे माहीत नसल्याने किती मुले जून महिन्यातच गॅरेजला लागतात, हे त्यांच्या शिक्षकांना विचारावे. वेल्डर आणि वायरमनसारख्या ट्रेडना दहावी अनुत्तीर्णांनाही प्रवेश मिळतो, हेही त्यांना कोणी तरी निकालाच्या दिवशीच सांगायला हवे.

मुलींच्या बाबतीत हा सगळा हिशेब बदलतो. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला मुलगा कामाला लागला असे म्हटले जाते. मुलगी घरी बसली असे म्हणतात, जरी ती पाणी भरणे, स्वयंपाक, धाकट्यांना सांभाळणे आणि शेतातील खुरपणी अशी दिवसभराची कामे उपसत असली तरी. त्या कामाचा पगार नसल्याने तिच्या शिक्षणाचा संधी खर्च शून्य मानला जायला हवा होता, पण घराला तिची मदत लागते म्हणून तो मानला जात नाही, आणि लग्नाचा विषय निघाला की परतीची वाट मुलापेक्षा तिच्यासाठी कितीतरी लवकर बंद होते. राज्यात मुलींचे बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कातून सूट मिळाली आहे. आयटीआयमध्ये तीस टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव असतात, ज्या इलेक्ट्रिशियन आणि मशिनिस्टसारख्या ट्रेडमध्ये अनेकदा भरतही नाहीत. शुल्क हा त्यांच्या मार्गातील मोठा अडथळा आता राहिलेला नाही. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींसाठी एसटीचा प्रवासही बारावीपर्यंत मोफत आहे, पण गावातून सुटणारी गाडी कार्यशाळेच्या वेळेआधी तालुक्याला पोहोचत नसेल, किंवा परतीची शेवटची गाडी अंधार पडल्यावर येत असेल, तर त्या सवलतीचा उपयोग होत नाही. गावातील चार-पाच मुलींचे पालक आणि शाळेचे मुख्याध्यापक मिळून आगारप्रमुखाकडे वेळापत्रक बदलण्याचा लेखी अर्ज देऊ शकतात, आणि तो जूनपूर्वी दिला तर त्या वर्षीच्या मुलींना त्याचा उपयोग होतो.